इयरबुक घ्यायचं का गं?

फेब्रुवारी हा प्रेमाचा महिना आहे, असं ज्यांची मुलं शाळेत जात नाहीत त्यांनाच वाटतं. ज्यांची जातात त्यांच्यासाठी हा 'काइंडली पे बाय फ्रायडे'चा महिना. गॅदरिंगच्या ड्रेसचे पैसे, पिकनिकचे पैसे, सीनियर केजीच्या ग्रॅज्युएशन डेसाठी काळा गाऊन आणि ती चौकोनी टोपी भाड्याने आणायचे पैसे. हो, सीनियर केजीचं ग्रॅज्युएशन! आमच्या आजोबांनी बी.ए. झाल्यावर फोटो काढला होता, तोही उसन्या कोटात. आता पाचव्या वर्षी गाऊन मिळतो आणि त्यावर शाळेचा लोगोसुद्धा असतो.

मी स्वतः अजून या भानगडीत पडलेली नाही. मी आत्या आहे. त्यातही फ्रीलान्स आत्या, म्हणजे घरच्यांच्या मते दुपारी दोन वाजता जगात कुणी रिकामं असेल तर ती मीच. दादा-वहिनी दोघं हिंजवडीला आयटीत. मोठा दुसरीत, धाकटी सीनियर केजीत, शाळा एकच. मुलांच्या बसची वेळ चुकली की फोन मला, क्राफ्टसाठी आइस्क्रीमच्या काड्या हव्यात की फोन मला. त्यामुळे परवा ऐन डेडलाइनच्या दुपारी वहिनीचा फोन आला तेव्हा मला वाटलं, पुन्हा काड्याच असणार.

''अगं, इयरबुक घ्यायचं का गं? आणि घ्यायचं तर एक की दोन?''

शाळेच्या ॲपवर नोटीस आली होती. इयरबुक २०२५-२६, ६४ पानं, संपूर्ण रंगीत, प्रीमियम मॅट फिनिश, किंमत ८५० रुपये. खाली बारीक अक्षरात, ऐच्छिक. काय निरागस शब्द आहे ना? सरकारी फॉर्मवर असतो तेव्हा खरंच ऐच्छिक असतो. शाळेच्या ॲपवर आला की त्याचा अर्थ होतो, 'बघा बुवा, बाकी सगळे घेताहेत.' प्री-प्रायमरी आणि प्रायमरीचं पुस्तक एकच. म्हणजे दोन्ही मुलं त्याच ६४ पानांत. तरी मुलं दोन, म्हणून प्रश्न दोन प्रतींचा.

दादाचं म्हणणं सरळ. ''माझ्या फोनमध्ये या दोघांचे ११ हजार फोटो आहेत. अजून ६४ पानं कशाला?'' वहिनीचं उत्तर त्याहून सरळ. ''त्या ११ हजारांतले शेवटचे कधी पाहिलेस?'' यावर दादा गप्प. कारण दादाची इंजिनीअरिंगची चार वर्षं ऑर्कुटवर होती. मित्रांनी लिहिलेली टेस्टिमोनियल्स, स्क्रॅप्स, रात्री तीनच्या कविता, सगळं. ३० सप्टेंबर २०१४ ला ऑर्कुट बंद झालं. डाउनलोड करून घ्या अशी मेल आली होती म्हणे. कुणी केलं? 'गूगल फोटोज'नेही जून २०२१ पासून फुकटची अमर्याद जागा बंद केली, तेव्हापासून दादा महिन्याला पैसे भरून न पाहिलेले फोटो सांभाळतोय. तेव्हा कागदाच्या बाजूने एक मुद्दा आहे हे मान्य करावंच लागतं. पुस्तकाचा पासवर्ड कुणी विसरत नाही.

माझा यात स्वतःचा एक हिशेब आहे, तो आधी सांगून टाकते म्हणजे तुम्ही मला निःपक्ष वगैरे समजणार नाही. २००६-०७ मध्ये मी चौथी ब मध्ये होते, मराठी माध्यम. त्याच वर्षी दादा दहावीत. जानेवारीत फोटोग्राफर आला, मैदानात बाकं लावली, उंच मुलं मागे, बुटकी पुढे मांडी घालून, मध्ये बाई, आणि पुढे ती पाटी, खडूने 'इ. ४ थी ब'. आम्ही दोघंही घरी एकेक चिठ्ठी घेऊन आलो. आईने दादाचा फोटो घेतला, कारण दहावी एकदाच असते. मला म्हणाली, ''तुझा पुढच्या वर्षी घेऊ.'' पुढच्या वर्षी शाळा बदलली. २०२० च्या लॉकडाउनमध्ये सगळ्यांनाच बालपण आठवायला लागलं होतं, तसा आमचाही '४ थी ब'चा व्हॉट्सॲप ग्रुप झाला आणि एकीने तो फोटो टाकला. म्हणजे भिंतीवरच्या फ्रेमचा फोनवरून काढलेला फोटो. काचेवर फ्लॅश पडलेला. तो फ्लॅशचा पांढरा गोळा बरोब्बर दुसऱ्या रांगेत डावीकडून चौथ्या मुलीवर. ती मी. दोन वेण्या तेवढ्या बाहेर आल्यात.

तर वहिनी म्हणते, ''मला माझ्या मुलांचं तसं व्हायला नकोय.'' आता यावर मी काय बोलणार?

पण पत्रकारितेची डिग्री आहे आणि घरातच स्टोरी आहे म्हटल्यावर मी जरा फिरले. आधी फोन केला मावसबहिणीला. ती न्यू जर्सीत, एडिसनला. तिकडे इयरबुक हे प्रकरण आपल्याकडच्या दिवाळी अंकासारखं आहे; काहीही होवो, येणारच. शाळा सुरू झाली की शरद ऋतूत 'पिक्चर डे', मुलं केस चापूनचोपून बसवून जातात, आणि जूनमध्ये शाळा संपताना पुस्तक हातात. तिच्या मुलाच्या प्राथमिक शाळेतलं पातळ कव्हरचं पुस्तक वीस-पंचवीस डॉलरला पडतं. शेवटच्या आठवड्यात एक तास फक्त सह्यांचा. पोरं पेन घेऊन एकमेकांच्या पुस्तकावर लिहीत सुटतात. लिहितात काय? 'हॅव अ ग्रेट समर' ची चार आद्याक्षरं, हॅग्स! ''अगं, अख्ख्या पुस्तकात तीस वेळा हॅग्स,'' ती म्हणाली. ''पण ज्याच्याकडे पुस्तक नसतं ना, तो तो तास बाथरूममध्ये काढतो. म्हणून आमची पीटीए दरवर्षी काही कॉप्या बाजूला ठेवते, बाई गुपचूप देतात.'' हे वाक्य मी वहीत लिहून ठेवलं. पुढे लागणार होतं.

या इयरबुकचा इतिहास मजेशीर आहे. सर्वांत जुन्यांपैकी एक मानलं जातं ते येल कॉलेजच्या १८०६ च्या बॅचचं. फोटोग्राफी जन्मालाच यायची होती, म्हणून त्यात विद्यार्थ्यांच्या बाजूने दिसणाऱ्या काळ्या सावल्या आहेत. कोण कोणाचा चेहरा, हे आईलाच कळावं! आज या धंद्यातलं तिकडचं मोठं नाव म्हणजे जॉस्टेन्स. सुरुवात १८९७ ची, मिनेसोटातल्या ओवाटोना नावाच्या गावात, घड्याळं आणि दागिने दुरुस्त करायचं दुकान. मग शाळा-कॉलेजच्या अंगठ्या, आणि १९५० पासून इयरबुकं. आठवणींचा धंदा सोनाराने सुरू करावा, हे मला तरी फार पटलं. आणि फेब्रुवारी २००४ मध्ये हार्वर्डच्या हॉस्टेलवर जी वेबसाइट सुरू झाली, तिचं नावही तिकडे विद्यार्थ्यांना वाटल्या जाणाऱ्या फोटोंच्या छापील पुस्तिकांवरूनच पडलं. त्यांना म्हणायचे फेस बुक. म्हणजे आज आपण ज्यावर वैतागतो त्याचं मूळ इथेच कुठेतरी.

आपल्याकडे काय होतं? ग्रुप फोटो. दहावीचा निरोप समारंभ. मुलींची स्लॅम बुकं, ज्यात 'आवडता रंग' पासून 'फर्स्ट क्रश' पर्यंत प्रश्न आणि उत्तरांत सगळे खोटं बोलायचे. आणि हस्तलिखित! मराठी शाळेत शिकलेल्यांना हे आठवेल. वर्षातून एकदा, सुंदर अक्षरवाल्या मुलामुलींना बसवून, चित्रं काढून घेऊन, बाई एक जाडजूड अंक तयार करायच्या. प्रत एकच. ती शाळेच्या कपाटात. ती कुणाला विकतच घेता यायची नाही, त्यामुळे घ्यायची का हा प्रश्नच नव्हता. माझं 'पावसाळ्यातील एक दिवस' असंच कुठल्यातरी कपाटात असेल, वाळवीने खाल्लं नसेल तर.

असो. आता आपल्या ६४ पानांकडे येऊ. शेजारच्या बिल्डिंगमधल्या एकींकडून मी गेल्या वर्षीचं इयरबुक मागून आणलं आणि पेन्सिल घेऊन बसले. हिशेब असा निघाला. अध्यक्ष, संचालक, मुख्याध्यापक यांचे संदेश आणि विश्वस्त मंडळाचे फोटो, ११ पानं. जाहिराती, म्हणजे कोचिंग क्लास, दातांचा दवाखाना, युनिफॉर्मचं दुकान वगैरे, ६ पानं. स्पर्धा, बक्षिसं, टॉपर्स, ९. गॅदरिंग, स्पोर्ट्स डे, दहीहंडी, ख्रिसमस, १४. उरली २४, ती वर्गांची. म्हणजे ज्यासाठी आईबाप पैसे देतात तो भाग रुपयातले सहा आणे. भरतनाट्यमच्या ड्रेसमधली एक गोड मुलगी चार वेळा दिसते. तिची आई पालक-शिक्षक संघात आहे, असं वहिनी म्हणाली. मी ते खरं-खोटं करायला गेले नाही.

आणि आमचा मोठा? तीन वेळा. एकदा वर्गाच्या पानावर तिकिटाएवढा. एकदा ग्रुप फोटोत. आणि एकदा स्पोर्ट्स डेला पोत्याच्या शर्यतीत, पोतं स्पष्ट, तो अस्पष्ट.

पुढचा मुक्काम नारायण पेठेत, एका प्रेसमध्ये. काकांना मी अनेक वर्षं ओळखते, आमच्या कॉलेजचा अंक तेच छापायचे. त्यांना किंमत विचारली तर म्हणाले, ''कोटेशन न्यायला आलीयस की भांडायला?'' मग चहा मागवला आणि समजावून सांगितलं. ६४ पानं म्हणजे १६-१६ चे चार फर्मे. ऑफसेटवर छापायचं तर प्लेटा, मशीन लावणं, रंग जुळवणं, हा खर्च १०० प्रती काढा नाहीतर १०००, तेवढाच. म्हणून प्रती वाढल्या की एका प्रतीची किंमत धाडकन खाली येते. थोड्या प्रती हव्या असतील तर डिजिटल, त्यात प्लेटा नाहीत, पण पहिली प्रत आणि शंभरावी प्रत दोन्ही सारख्याच महाग. ''म्हणून शाळा आधी पैसे मागते,'' काका म्हणाले. ''किती प्रती ते कळल्याशिवाय मी तरी दर कसा देऊ? आणि यात पैसे छपाईत कमी जातात, डोक्यात जास्त. चारशे पोरांची नावं. एकाचं 'ऋग्वेद' कोण आरने लिहितो, कोण एचने. प्रूफ तपासतं कोण? बाई. रात्री. घरी.''

हे मात्र मी विसरले होते. इयरबुक म्हटलं की आपल्या डोळ्यांसमोर येते संस्था, तिची हाव, तिचं मॅट फिनिश. एक दुसरीची बाई रात्री अकरा वाजता ३६ नावांची स्पेलिंगं तपासतेय, हे येत नाही.

काकांनी एक फुकटचा सल्लाही दिला, तो तुम्हालाही देऊन टाकते. गुळगुळीत आर्ट पेपरवर जेल पेनने सही करू नका, फरफटते. परमनंट मार्कर वापरा. आणि अशी पुस्तकं माळ्यावर टाकू नका. पावसाळ्यात ओल लागली की पानं एकमेकांना चिकटतात आणि सोडवायला गेलं की चेहरे निघून येतात.

आता ती गोष्ट, जिच्यामुळे हा विषय आमच्या घरापुरता राहिला नाही. मोठ्याच्या बाकावर त्याच्या शेजारी बसणारा मुलगा आरटीईतून आलाय. शिक्षण हक्क कायदा २००९ चा, लागू झाला १ एप्रिल २०१० ला. अल्पसंख्याक शाळा सोडल्या तर खासगी विनाअनुदानित शाळांनी प्रवेशाच्या पायरीवर २५ टक्के जागा दुर्बल आणि वंचित घटकांतल्या मुलांना द्यायच्या, फी सरकार भरणार. फेब्रुवारी २०२४ मध्ये आपल्या राज्य सरकारने नियम बदलला होता, की एक किलोमीटरच्या आत सरकारी किंवा अनुदानित शाळा असेल तर खासगी शाळेला यातून सूट. मुंबई उच्च न्यायालयाने जुलै २०२४ मध्ये तो बदल रद्द केला. नेमक्या त्याच वर्षी ही पोरं पहिलीत जाणार होती. शाळा सुरू झाली जूनमध्ये, आणि हा बाकावर आला जुलैच्या शेवटी. मोठा तेव्हा मला म्हणाला होता, ''आत्या, माझ्या शेजारी एक लेट-कमर आलाय, पण त्याला पतंग बनवता येतो.'' तेव्हापासून दोघं चिकटलेले.

फी सरकार भरतं. इयरबुक कोण भरणार? कायद्यात २५ टक्के मोजता येतात, वर्गात पुस्तकं वाटताना मोजता येत नाहीत. शाळेने गेल्या वर्षी काय केलं माहितीये? शेवटच्या दिवशी, वर्गातच, यादीतली नावं पुकारून पुस्तकं दिली. ज्यांची नावं यादीत नव्हती ती मुलं बसून राहिली. वाईट हेतू कुणाचाच नसणार. बाईंना ३० पुस्तकं कुठेतरी वाटायची होती, त्यांनी वर्गात वाटली. मला एडिसनचं बाथरूम आठवलं.

दादा लगेच म्हणाला, ''सोप्पंय. आपण दोन घेऊ. एक आपलं, एक त्याला.'' वहिनी म्हणाली, ''आणि देणार कसं? त्याच्या आईला काय वाटेल?'' दादाकडे याचं उत्तर नव्हतं. वहिनीची आणि त्या बाईंची गेटवर रोजची ओळख. त्या आमच्याच भागात चार घरी पोळ्या करतात. शेवटी वहिनीने देण्याघेण्याचं काही न बोलता सहज विचारलं, ''ताई, तुम्ही ते पुस्तक घेताय का?''

त्यांनी उलट विचारलं, ''त्यात माझ्या पोराचा एकट्याचा फोटो केवढा असतो?''

वहिनीने बोटाने दाखवलं. नखाहून थोडा मोठा.

त्या हसायलाच लागल्या. ''एवढ्याला साडेआठशे? अहो ताई, चौकातला फोटोवाला शंभरात पासपोर्टचे आठ देतो!'' आणि मग म्हणाल्या, ''पुस्तक नको. पण सगळ्या पोरांचा एकत्र फोटो असतो ना, तो मिळाला तर द्या. तो मी लावीन भिंतीला. किती पडतील ते सांगा.''

मी पेठा-पेठा फिरून, कॉल रेकॉर्ड करून, पानं मोजून जे सांगू शकले नव्हते ते या बाईंनी गेटवर एका मिनिटात सांगितलं. त्यांना दया नको होती, सवलत नको होती. त्यांना प्रॉडक्ट आवडलं नव्हतं, इतकंच! आणि हवं काय होतं? तोच मैदानातला, बाकांवरचा, पाटीवाला फोटो. जो आईने माझा घेतला नाही, तो.

मग वहिनीने वर्गाच्या ग्रुपवर मेसेज टाकला. वर्गाचा ग्रुप फोटो बाईंकडून मोठ्या साइजच्या फाइलमध्ये मागून घेऊ, लॅबमध्ये सहा बाय आठची प्रिंट काढू, ३६ मुलांच्या ३६, प्लस एक बाईंना. मागे सगळ्यांची नावं छापायची, रांगेप्रमाणे, म्हणजे वीस वर्षांनी 'हा कोण रे' होणार नाही. ज्याला जेवढे द्यायचे तेवढे द्या, आणि एकच अट, कोणी किती दिले त्याची यादी ग्रुपवर टाकायची नाही. मराठी-इंग्रजी-हिंदीतून अंगठ्यांचा पाऊस पडला. एका बाबांनी विचारलं, ''फ्रेम असेल का?'' असा एक बाबा प्रत्येक ग्रुपवर असतो. त्या ताईंनी चाळीस रुपये दिले, वहिनीने घेतले.

फोटो पुरेसा आहे, मग इयरबुक हवंच कशाला? इथे मी थोडी अडखळते. कारण मी अजून एक प्रयोग केला होता. ते मागून आणलेलं गेल्या वर्षीचं पुस्तक मी मोठ्यासमोर ठेवलं आणि काहीच बोलले नाही. त्याने अध्यक्षांना एका झटक्यात उलटलं. गॅदरिंगही. थेट स्वतःच्या वर्गाच्या पानावर गेला आणि पुढची चाळीस मिनिटं, मी घड्याळ लावलं होतं, एकेका चेहऱ्यावर बोट ठेवून बोलत राहिला. हा डबा उलटा करतो. ही रडली की हिला उचकी लागते. हा आता नाहीये, दुबईला गेला, त्याने मला सांगितलं पण नाही. ही माझी शत्रू होती पण आता नाही. त्या तिकिटाएवढ्या फोटोंतून एवढं काही बाहेर येईल असं मला वाटलंच नव्हतं.

लहानपणीच्या आठवणींचं एक विचित्र गणित आहे. मोठेपणी आपल्याला साधारण तीन-साडेतीन वर्षांच्या आधीचं काहीच आठवत नाही आणि त्यानंतरची काही वर्षंही विरळच असतात. म्हणजे धाकटीचं सीनियर केजी, गाऊनसकट, बहुतेक पुसलं जाणार. वहिनी म्हणते म्हणूनच पुस्तक हवं. पण रॉबिन फिवुश, इलेन रीस या मानसशास्त्रज्ञांनी आई-बाप मुलांशी घडून गेलेल्या गोष्टींबद्दल कसं बोलतात याचा अनेक वर्षं अभ्यास केलाय. त्यातून दिसतं ते असं, की जी मोठी माणसं 'मग काय झालं? कोण होतं? तुला काय वाटलं?' असं खोदून खोदून विचारतात, त्यांची मुलं आठवणी जास्त तपशिलात सांगायला शिकतात. म्हणजे काम पुस्तक करत नाही, त्याच्या शेजारी बसलेलं माणूस करतं. ८५० रुपये भरून पुस्तक कपाटात ठेवलं तर ते ११ हजार फोटोंचंच जाड कव्हरमधलं भावंडं.

एक बारीकशी गोष्ट राहिली. ऑर्डरच्या फॉर्मबरोबर संमतीचाही कॉलम आहे. मुलाचं पूर्ण नाव, जन्मतारीख आणि फोटो छापायची परवानगी. वहिनी डोळे झाकून टिक करणार होती, मी थांबवलं. डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायदा ऑगस्ट २०२३ मध्ये झालाय, त्याचे नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये अधिसूचित झाले आणि ते टप्प्याटप्प्याने लागू होताहेत. १८ वर्षांखालच्या मुलांच्या डेटासाठी पालकांची पडताळता येईल अशी संमती घ्यावी लागणार. आमचा प्रश्न साधा होता, याची पीडीएफ शाळेच्या वेबसाइटवर जाणार का? ऑफिसमधून उत्तर आलं, ''गेल्या वर्षी टाकली होती.'' आम्ही नाव आणि फोटोला हो म्हटलं, जन्मतारखेला नाही. तुम्हीही विचारा, विचारायला पैसे पडत नाहीत.

तर निर्णय. दादाने एक्सेल उघडलं, तो दुसरं काय उघडणार. मोठ्याची दहावीपर्यंत ९ पुस्तकं, धाकटीची ११, एकूण २०, आजच्याच भावाने १७ हजार रुपये. शिवाय शेल्फ. वहिनी दोन प्रतींवर अडून होती, कारण उद्या दोघं आपापल्या घरी गेली की पुस्तक कुणाचं? मी एकीच्या बाजूने होते. वर्गाचा फोटो दरवर्षी, दोघांचा, न चुकता. आणि इयरबुक या वर्षी एक, घराचं; पुढे ज्याची चौथी होईल त्याला त्याचं स्वतःचं, कारण प्रायमरी तिथे संपते आणि तोपर्यंत त्याला आपलं नाव नीट लिहिता येतं. यावर बराच वेळ वाद झाला. पोहे संपले. शेवटी वहिनी 'बरं' म्हणाली, पण त्या 'बरं'चा सूर मला ओळखीचा आहे. मार्चच्या सुरुवातीला ती गुपचूप दुसरी प्रत सांगेल, यावर मी दादाशी एका कॉफीची पैज लावलीय.

पुस्तकं वर्गात नावं पुकारून न वाटता ऑफिसमधून पालकांना द्यावीत, असं पत्र आम्ही सात-आठ पालकांच्या सह्यांनी दिलंय. मी पालक नाही, मी फक्त ड्राफ्ट केलं. मुख्याध्यापिका बाईंनी दोन ओळींत हो म्हटलं. एवढं सोपं असेल असं कुणाला वाटलं नव्हतं, म्हणून बहुतेक गेल्या वर्षी कुणी विचारलंही नसावं.

फॉर्म मोठ्यासमोरच भरला. शेवटी 'रिमार्क्स' नावाचा एक कॉलम होता, आम्ही तो रिकामा सोडणार तेवढ्यात तो म्हणाला, ''थांब ना. बसच्या मावशी कुठे असतात यात?'' आम्ही गेल्या वर्षीचं पुस्तक पुन्हा चाळलं. ११ पानं संदेशांची, पण रोज सकाळी सात वीसला त्याची बॅग हातातून घेणाऱ्या मावशी कुठेच नव्हत्या. गेटवरचे काकाही नव्हते. वहिनीने कॉलममध्ये लिहिलं, 'बसच्या मावशी आणि गेटवरचे काका यांचे फोटो कृपया घ्यावेत.' धाकटीने खाली जांभळ्या जेल पेनने फूल काढलं, ते फरफटलं.

दोन दिवसांनी ॲपवर उत्तर आलं, 'नोटेड, पेरेंट.' प्रूफ पंधरा मार्चला येणार आहे.